पार्किंगमधला ओघळदगड

ताई, पार्किंगची भिंत सुकली गं.

दहाव्याला गोदेवर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायला खाली उतरलो, तर तुझी ती पांढरी भिंत कोरडी ठणठणीत. बोट लावून बघितलं, रुमाल लावून बघितला. थेंब नाही. दोन वर्षं जिनं मला जुमानलं नाही, ती एका रात्रीत गुणी बाळ झाली होती. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? चाळीस वर्षं लोकांच्या गच्च्या, टाक्या आणि बाथरूम गळायचे थांबवणारा माणूस मी. गंगापूर रोडवर निम्म्या बिल्डिंगांत माझा हात फिरलाय, आणि मी राहतो त्याच सोसायटीचं पार्किंग गळतंय म्हणून लोक मला तोंडावर हसायचे. तूही हसायचीस. तू तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचीस.

आनंद जेमतेम पाच मिनिटं टिकला. कारण मागनं देवरेवहिनी स्कूटीची किल्ली फिरवत आल्या, त्यांनी भिंत बघितली, हात जोडले आणि म्हणाल्या, "बंडूभाऊ, ताईंचा आत्मा मोकळा झाला बरं का. त्यांचा जीव अडकला होता या भिंतीत." तू असतीस तर त्यांना तिथंच उभं करून पाऊण तास शिकवलं असतंस. मी नुसता हो म्हणालो. मग शेखसाहेब आले. आपले सेक्रेटरी, आपल्या मनमाडचेच, उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. त्यांनी माझी पाठच थोपटली. "काय मामा! एवढ्या दुःखात पण काम करून टाकलं तुम्ही? कधी केलं? रविवारी मीटिंग हाय, शाल-नारळ देऊन सत्कार करणार तुमचा. नाय म्हणायचं नाय."

मी काहीच केलं नव्हतं, ताई. तू गेलीस आणि भिंत सुकली, एवढंच घडलं होतं. आणि त्याबद्दल मला शाल मिळणार होती.

तसा आपला या विषयावरचा वाद जुना, अगदी मनमाडच्या क्वार्टरमधला. पाणी यायचं आठ-दहा दिवसांनी, तेही असलं जड की डाळ शिजता शिजायची नाही. बंबाच्या आत पांढरा थर धरायचा. तो खरवडायचं काम माझ्याकडे होतं, आणि तू शेजारी बसून मला शिकवायचीस की हा कचरा नाही, हा दगड आहे. पाण्यात विरघळलेला दगड परत दगड झालाय. मी म्हणायचो, मग तूच खरवड तुझा दगड. इथनंच आपल्या वाटा फुटल्या असणार. तू भूशास्त्र शिकून कॉलेजात शिकवायला लागलीस, आणि मी बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी नापास होऊन वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात शिरलो. पाणी जिथं जाईल तिथं कौतुकानं मागं जायचं हे तुझं काम, आणि ते जिथं जाईल तिथं बूच मारायचं हे माझं.

तुझी एक खंत होती. आपल्या नाशिकचा दगड काळा, लाव्हाचा. इथं लोकांनी लेणी कोरली, पण चुनखडीची गुहा म्हणून औषधालाही नाही. म्हणून तू दरवर्षी पोरं घेऊन पार आंध्रात जायचीस. निवृत्तीनंतर एकदा मलाही नेलंस. "बंड्या, सगळी जिंदगी गळती बंद करण्यात घालवलीस, एकदा न थांबवलेली गळती बघ." गुहेत खाली उतरलो आणि माझे डोळे विस्फारले. छतापासून जमिनीपर्यंत भिंतीवरून पांढरा-पिवळा दगड ओघळलेला, सायीसारख्या घड्या घालत. वरून पाण्याचा पातळ पडदा, इतका पातळ की वाहतोय हे विजेरीच्या उजेडातच कळावं. इंग्रजीत त्याला फ्लोस्टोन म्हणतात म्हणालीस. मराठीत पुस्तकात भलताच शब्द आहे, म्हणून तू आपला ओघळदगड म्हणायचीस.

आणि मी काय केलं? जे कुठल्याही ओल्या भिंतीपाशी करतो तेच. पंजा पसरून तळहात दाबला आणि भेग कुठंय ते बघायला लागलो. रखवालदारानं शिट्टी मारली. त्याच्या आधी तू माझ्या हातावर फटका मारलास, पंचावन्न वर्षांच्या माणसाला, सगळ्या पर्यटकांसमोर. "गाढवा, हाताचं तेल लागलं! आता तेवढ्या जागेवर पाणी धरणार नाही, दगड वाढणार नाही." परतीच्या गाडीत येईल त्या सहप्रवाशाला तू ते सांगितलंस. त्यानंतर घरी कुणीही पाहुणा आला की, "हा माझा भाऊ. यानं आंध्रात हजारो वर्षांचं काम बंद पाडलंय."

त्याच गाडीत तू मला समजावलंस ते मात्र कायमचं डोक्यात बसलं. पाऊस मातीत मुरतो. मातीत पानं कुजत असतात, मुळं श्वास टाकत असतात, त्यांचा वायू पाणी पिऊन घेतं. म्हणजे ते पाणी झालं पातळसा सोडा. तो सोडा चुनखडीतून झिरपताना चुना खात खात खाली येतो आणि गुहेच्या भिंतीवर उघड्या हवेत बाहेर पडतो. तिथं बाटलीचं झाकण काढल्यासारखा त्याचा वायू उडतो. वायू गेला की चुना पेलायची ताकद गेली, मग तो चुना तिथंच ठेवून पाणी पुढं जातं. टपकलं तर छताला आणि जमिनीला खांब होतात. भिंतीवरून पसरत गेलं तर ओघळदगड. "आणि घाईनं वाहिलं तर काहीच होत नाही," असं म्हणून तू माझ्याकडे रोखून बघितलंस. मी तेव्हा दोन साइटवरच्या माणसांना एकाच वेळी फोनवर ओरडत होतो.

मग तुझे गुडघे गेले. एक ऑपरेशन झालं, दुसरं तू नको म्हणालीस. गुहेच्या पायऱ्या संपल्या. तू त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. आपल्या घरात असलं काही विचारायची पद्धतच नव्हती.

त्याच पावसाळ्यात पार्किंगच्या मागच्या भिंतीवर पहिला पांढरा ओघळ दिसला. ती भिंत आधीच्या जुन्या बंगल्याची, दगडात आणि चुन्यात बांधलेली. बिल्डरनं ती तशीच ठेवून पार्किंग तिच्या पोटाशी खोदलं. भिंतीमागं माती, आणि वर बरोबर तुझ्या तळमजल्यावरच्या घराच्या मागच्या दारातला वाफा. तू काठी टेकत खाली आलीस, खिशातल्या बाटलीतून आम्लाचा एक थेंब त्या ओघळावर सोडलास आणि तो फसफसला. त्या दिवशी तुझा चेहरा कसला फुलला होता! "बंड्या, चुना! अरे, गुहा घरी आली!"

मी म्हटलं, गुहा नाही, गळती आली.

पावसाळा संपला तरी ती थांबेना, इथनं माझी फजिती सुरू झाली. दिवाळीत ओली, संक्रांतीला ओली, एप्रिलच्या उन्हात रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना ही आपली ओली. मी ड्रेनेज तपासलं. टाकीत रंग टाकला, तो भिंतीवर उतरतो का बघायला. पाइप दाबाखाली ठेवून बघितले. नळ बंद ठेवून सोसायटीला दोन दिवस तहानलेलं ठेवलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. तपासणीच्या दिवसांत भिंत जरा मलूल व्हायची, मला वाटायचं सापडलं, आणि चार दिवसांत पुन्हा जोमात. देवरेवहिनी तीन महिने लेकीकडं जाऊन आल्या तर स्कूटीच्या स्टँडचं टोक पांढऱ्या थरानं फरशीला चिकटून बसलेलं! छिन्नीनं सोडवलं मी ते. तू वरून म्हणत होतीस, "हळू, हळू, स्टँड गेला तरी चालेल."

तुलाही विचारलं होतं मी. तुझ्याकडं जेवायला बसलो होतो, तू भाकरी वाढत होतीस. "ताई, वाफ्याला पाणी किती घालतेस?" तू डोळ्याची पापणीही न हलवता म्हणालीस, "तांब्याभर." आणि मी विश्वास ठेवला. सगळ्या बिल्डिंगचे पाइप तपासणाऱ्या माणसाला सख्खी बहीण तपासायचं सुचलं नाही. सुचणार कसं? लहानपणी खोटं बोललो म्हणून मला कोपऱ्यात उभं करणारी तूच.

आपलं शेवटचं भांडण तू जायच्या चार दिवस आधीचं. मी सांगून टाकलं की पावसाळ्यापूर्वी भिंतीला भोकं पाडून केमिकल भरणार आणि तो थर खरवडणार. तू नाही म्हणालीस. मी म्हणालो, आतली सळई गंजतेय, उद्या भिंत आली अंगावर तर जबाबदार कोण? तू भाकरी मोडत राहिलीस. मी आणखी एक वाक्य बोललो, ते इथं लिहितो, कारण त्याची टोचणी लागून राहिलीय. मी म्हणालो, "तुला माणसांपेक्षा दगड जवळचे." तू ताट उचलून आत गेलीस. पुढं दोन दिवस जेवायला हाक मारली नाहीस. तिसऱ्या दिवशी मारलीस, मेथीची भाजी होती, आपण क्रिकेटवर बोललो. चौथ्या दिवशी सकाळी तू चहा घेऊन पेपर उघडलास तो उघडाच राहिला.

तर आता शनिवारचं सांगतो, सत्काराच्या आदल्या दिवसाचं. तेरावा उरकला होता. तुझी भावजय शोभा म्हणाली, "ताईंच्या मागच्या दाराशी तो खताचा ड्रम आहे ना, वास मारायच्या आत रिकामा करून टाका." तोच तो निळा ड्रम, जास्वंदीमागं, गोणपाटानं झाकलेला. कुणी जवळ गेलं की तू म्हणायचीस, "हात लावू नका रे, शेण-गुळाचं आंबवलंय." त्या धाकानं दोन वर्षांत कुणी तिकडं फिरकलं नाही. मी नाकाला रुमाल बांधला, गोणपाट ओढलं, झाकण उघडलं. आत वास नाही, शेण नाही, काही नाही. स्वच्छ ड्रम, तळाला ओंजळभर पाणी. बुडाशी नळी. आपल्याकडं द्राक्षबागेत असते तसली ठिबकची काळी नळी, ती मातीत शिरून सरळ भिंतीच्या कडेला गेलेली. तिथं वर कुजलेल्या पानांचा हा एवढा जाड थर, आणि खाली ड्रिपर, थेंब थेंब सोडणारा.

मी तिथंच बसलो. आधी तुला एक सणसणीत शिवी घातली, मग हसायला लागलो. शोभा धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

बाई, तू गुहा बनवली होतीस! माती, कुजकी पानं, सोडा झालेलं पाणी, जुना चुना, सगळं बेतशीर. आणि सख्ख्या भावाला दोन वर्षं येड्यात काढलंस. मी जेवताना माझे सगळे बेत तुलाच सांगायचो, उद्या पाइप, परवा टाकी, आणि तू "घे, अजून एक भाकरी घे" म्हणत तेवढे दिवस नळी बंद ठेवायचीस.

झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत वही चिकटवलेली होती. तुझं ते तिरकं अक्षर. 'पाणी जास्त झालं, धार लागते. निम्म्यावर आणणे.' 'पानं नवीन घातली. चांगला फरक.' 'थर दोन नाण्यांएवढा.' 'बं. उद्या पाइप तपासणार. बंद.' 'बं.ला संशय नाही.' हे शेवटचं तर चार-पाच ठिकाणी होतं, आणि एके ठिकाणी खाली रेघ मारलेली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग एक पान आलं, त्यावर एवढंच होतं: 'बं. आज अर्धा तास भिंतीपाशी उभा होता. हात लावला नाही.'

तो दिवस मला आठवतो. मी गळती शोधायला गेलो होतो, हे खरं. विजेरी मारली तर तो थर आतून चमकत होता, बारीक साखर पेरल्यासारखा, आणि त्यावरून पाणी इतकं सावकाश उतरत होतं की मी कशाला आलो तेच विसरलो. छान दिसत होतं, ताई. फार छान दिसत होतं. वर येऊन मी तुला म्हणालो, "सापडेल, उद्या सापडेल." छान दिसतं एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

तुझी लबाडी उघडी पडलीच आहे तर माझीही ऐक. त्या भिंतीत सळई नाही. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीत सळई कुठनं येणार? हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्याशी वादात हरायला लागलो की मी सळई काढायचो. ड्रमभर थेंबांनी ती भिंत माझ्या हयातीत तरी हलत नाही. मी फक्त माझ्या नाकासाठी भांडत होतो. आणि मला आता वाटतं, तुलाही हे ठाऊक असणार. तुझ्याइतकं चुन्याच्या भिंतीबद्दल कुणाला कळत होतं? तरी त्या दिवशी तू मला तोंडावर खोटं पाडलं नाहीस. ताट उचलून आत गेलीस.

रविवारी मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, शाल, नारळ, सगळं होतं. रात्रभर माझं चाललं होतं की सांगावं की नाही. गप्प बसलो तर माझं नाव राहतं. सांगितलं तर माझी अब्रू जाते, आणि मेलेल्या माणसाला लोक काय म्हणतील ते वेगळंच. शेखसाहेबांनी शाल उलगडली, तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "थांबा. मी गळती काढलेली नाही. ती गळती माझी बहीण होती."

आणि सगळं सांगितलं. ड्रम, नळी, वही, सळईसुद्धा. मग देवरेवहिनींना फसकन हसू फुटलं आणि सगळं पार्किंग हसायला लागलं. 'बं.ला संशय नाही' हे मी वाचून दाखवलं तेव्हा तर शेखसाहेबांनी खुर्चीच्या हातावर थापा मारल्या. डोळे पुसत म्हणाले, "टीचरनी फुल सोसायटीला मामा बनवलं राव!" मग त्यांनी ती शाल माझ्या अंगावर न घालता घडी केली, माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "हमारी अम्मी गेली ना, तर तिचा रेडिओ मी महिनाभर चालूच ठेवला होता. सेलचं काय एवढं?" पुढं मोठ्यानं विचारलं, "बोला, भिंतीचं काय करायचं? मामा, तुम्ही सांगा. धंदा तुमचा हाय."

मी म्हणालो, भिंतीला धोका नाही. खरवडायची गरज नाही.

त्याच दुपारी ड्रम भरला. बोअरचं पाणी सोडलं, वहीत लिहिलं होतं तेवढ्यावर कॉक आणला, पानं नवीन घातली. मग खाली जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत काही नाही. सोमवारी काही नाही. साइटवरनं फोन येत होते, मी घेतले नाहीत. माती सुकली होती, तिला आधी स्वतःची तहान भागवायची असणार, असं मी माझंच समाधान करत होतो. पाणी यावं म्हणून भिंतीपुढं बसलेला वॉटरप्रूफिंगवाला कुणी बघितला असता तर माझं लायसन्स काढून घेतलं असतं.

काल, मंगळवारी, अकराच्या सुमारास वरच्या सांध्यात दगडाचा रंग जरासा गडद झाला. मला वाटलं डोळ्यांचा भास. विजेरी मारली. एक ओली रेघ, मग ती रुंदावली, थरावर आली, पसरली, आणि अख्खा पांढरा दगड हळूहळू चमकायला लागला. मी ताडकन उठलो आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन, होता तेवढा आवाज लावून तुला हाक मारली, "ताई! ताई, आलं गं, लवकर खाली ये!"

दोनदा मारली. दुसऱ्या हाकेनंतर मला आठवलं.